तिनं कुठपर्यंत ऐकलं

शनिवारी दुपारी शाळेत पालकसभा होती आणि सदा मुद्दाम दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला होता, मधेच उठून जाता यावं म्हणून. बाक मुलांच्या मापाचा, गुडघे वर येत होते. मांडव्याच्या जेट्टीवर लाँच लागली की दोर झेलायचा, खुंटाला गुंडाळायचा, सुटताना सोडवायचा, हे त्याचं काम. त्या कामात बसायची सवय राहत नाही. समोर रुचिता मॅडम बोलत होत्या. नववीची मुलं अभ्यासाचं सोडून एक पान वाचत नाहीत, म्हणून दिवाळीनंतर आपण ‘घरचं वाचन’ सुरू केलं. रोज वीस मिनिटं मुलानं मोठ्यानं वाचायचं, घरातल्या एका मोठ्या माणसानं समोर बसून ऐकायचं. मोठ्या माणसाला काय वाटलं ते मुलानं वहीत लिहायचं आणि खाली मोठ्या माणसानं सही करायची. एवढंच. पण वह्या उघडल्या तर निम्म्या कोऱ्या. किनाऱ्यावर पर्यटकांना बनाना राईड देणारा अल्पेश पुढच्या बाकावर होता. तो म्हणाला, “मॅडम, आमचा बसतच नाय. मी रागावलो तर म्हणतो, तू तरी कधी वाचतोस?” बायका हसल्या. सदाही हसला, आणि हसता हसताच त्याच्या लक्षात आलं की अशी काही वही असते हे आपल्याला आजच कळतंय. लेकीनं, प्राप्तीनं, कधी सांगितलं नव्हतं. तिची कोरी असणार. आता आपलं नाव घेतील म्हणून त्यानं दाराकडे बघितलं, आणि तेवढ्यात मॅडमनी टेबलावरची एक वही उचलून सगळ्यांना दाखवली.

“ही प्राप्तीची वही,” त्या म्हणाल्या. “एकही दिवस रिकामा नाही. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली, तुम्हाला माहीत आहे. वडील सकाळी सहाला घर सोडतात, दमून परत येतात. तरी रोज बसतात. मी दोनतीन ठिकाणचं वाचून दाखवते. अकरा डिसेंबर. बाबा म्हणाले, ह्या गोष्टीतला दुकानदार खोटारडा आहे, तो पुढे फसवणार बघ. चौदा डिसेंबर. आज बाबांना कंटाळा आला, पण ते उठले नाहीत. दोन जानेवारी. आज मी वाचायचं विसरले होते. बाबांनीच विचारलं, पुढं काय झालं?” मॅडमनी वही मिटली. “घरी असं कुणी विचारणारं असलं, की मुलाला वाच म्हणून सांगावं लागत नाही. प्राप्तीचे बाबा, दोन शब्द बोला ना. तुम्ही कसं जमवता?”

सदा उठला. माना वळल्या. असं काही नाही, मॅडम, मी एक दिवस बसलो नाही, दोन वर्षं माझ्या घरात गोष्टीचं पुस्तक उघडलेलं मी पाहिलेलं नाही, असं म्हणायचं होतं. म्हटलं की पोरगी उघडी पडणार. न म्हटलं तर आपण खोटे. अल्पेश मागे वळून कौतुकानं बघत होता. सदा म्हणाला, “ती वाचते. मी ऐकतो.” आणि बसला. टाळ्या झाल्या. सभा संपल्यावर मॅडमनी वही त्याच्या हातात दिली. घरी न्या, सोमवारी पाठवा, म्हणाल्या. त्यानं ती शर्टाच्या आत घातली. दोन्ही हात मोकळे असताना ती हातात का धरली नाही, हे त्याचं त्याला कळलं नाही.

तो सरळ घरी गेला नाही. मोटारसायकल सुरूच्या झाडांत लावली आणि वाळूच्या कडेच्या ठेंगण्या बांधावर बसला. शनिवार म्हणून किनारा गजबजलेला होता. मुंबईकडून आलेली माणसं पिवळी जाकिटं घालून पाण्यात पडत होती, ओरडत होती, पुन्हा चढत होती. घोड्याच्या गाड्या फिरत होत्या. सदा आठवीपर्यंत शिकला होता. वाचता यायचं, पण बोट ठेवून, आणि कुणी बघत असेल तर बोटाची लाज वाटायची. इथं कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. त्यानं पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक पानावर तारीख, पुस्तक, पानं, बाबा काय म्हणाले, आणि खाली त्याची सही. सही त्याचीच होती. ‘स’ जरा मागे रेललेला, ‘दा’चा काना खाली ओढून गळासारखा वळवलेला. पहिल्या आठवड्यातल्या सह्या थोड्या कापऱ्या होत्या, मग हात बसला होता. बँकेतसुद्धा कुणाला संशय आला नसता. त्याला राग यायला हवा होता, पण राग कुठून आणायचा ते सापडेना. कारण वहीतला माणूस त्याला आवडत चालला होता. वहीतले बाबा जेवण झाल्यावर पाय पसरून बसायचे. वहीतले बाबा मधेच प्रश्न विचारायचे, चुकीच्या जागी हसायचे, एखाद्या म्हातारीची बाजू घेऊन भांडायचे. ‘बाबा म्हणाले, ह्या मुलानं घर सोडायला नको होतं. मी म्हटलं, मग काय करायला हवं होतं? बाबा गप्प बसले. मग म्हणाले, मला पण नाही माहीत.’ घरी प्राप्ती त्याला अरेतुरे करायची, जशी त्यांच्याकडे सगळी पोरं बापाला करतात. वहीत ‘म्हणाले’, ‘बसले’, ‘हसले’. त्याला वाटलं, हा कुणी दुसरा आहे. आपण जेट्टीवर असताना आपल्या घरी येऊन बसतो, आणि आपल्या लेकीला तो हवा आहे.

तो पानं उलटत राहिला. जानेवारीच्या तेवीस तारखेला पुस्तकाचं नाव नव्हतं. पानांचा आकडाही नव्हता. फक्त एवढंच लिहिलं होतं: ‘आज मी वाचत होते तेव्हा बाबा मधेच म्हणाले, थांब. मी थांबले.’ आणि खाली सही.

सदानं वही मिटली. पाण्यावर कुणीतरी पडलं, बाकीचे ओरडले. त्याचं बोट अजून पानात होतं. तेवीस जानेवारी ही काही खास तारीख नव्हती. त्याची बायको रचना गेली ती एप्रिलात, म्हणजे हे तारखेमुळे लिहिलेलं नव्हतं, नुसतंच एक दिवस लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं होतं. त्याला कुणीतरी मागून मानेवर ओला हात ठेवल्यासारखं वाटलं. थांब. एक शब्द. रचना गेली त्या दिवशी तो त्याच्या तोंडाशी आला होता, दातांच्या आतल्या बाजूला लागला होता, त्याची चव त्याला अजून आठवत होती, आणि तो त्यानं उच्चारला नव्हता.

रचना नागावात, त्यांच्याच गावातल्या एका होम-स्टेमध्ये स्वयंपाक करायची. खोल्या आवरताना पाहुण्यांची विसरलेली पुस्तकं तिला मिळायची. मालकीणबाई म्हणायची, ने गं, त्यांचे काय फोन येणारेत. कधी अर्धं भिजलेलं, कधी सुरुवातीची पानं गेलेलं. रचना ती घरी आणायची आणि प्राप्तीला वाच म्हणून कधी सांगायची नाही, हे सदानं पाहिलं होतं. ती चार पानं स्वतः वाचायची, मग कालवण ढवळता ढवळता म्हणायची, “त्या बाईच्या नवऱ्याचं काय झालं गं, मला आता वेळ न्हाय, तू बघून सांग.” प्राप्ती तेव्हा दहाअकरा वर्षांची. कुरकुरत पुस्तक घ्यायची आणि तासाभरानं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगायला लागायची. रचना ‘हं, हं’ करत ऐकायची, मधेच म्हणायची, असं कसं, नीट वाचलंस का, परत बघ. दोघींचं ते चालू असलं की सदा बाहेर पडवीत जायचा. त्याला त्यात जागा आहे असं कधी वाटलं नाही. बायकांचं काहीतरी, डोकं विंचरण्यासारखं, म्हणून तो जाळ्याचा तुकडा घेऊन बसायचा, किंवा काहीच न घेता. मग रचनाची मूत्रपिंडं गेली. अलिबागला आठवड्यातून दोनदा मशीनवर नेणं वर्षभर चाललं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. पुढच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली. तिच्या हातात पुस्तक राहीना, तेव्हा प्राप्ती शाळेतून आली की वाचून दाखवायची. रचना बोलत नव्हती फारशी, पण प्राप्ती थांबली तर डोळे उघडायची. सदा रोज त्या वेळी पडवीत असायचा. भिंतीतून लेकीचा आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत.

त्या दिवशी तो आत गेला तो तेलाची वाटी घेऊन. रचनाचे पाय गार पडायचे, कुणीतरी चोळायला हवे होते, आणि त्याची बहीण केसर, जी रोज करायची, ती पेज आणायला आपल्या घरी गेली होती. म्हणून तो पायथ्याशी बसला आणि चोळायला लागला. प्राप्ती उशाशी स्टुलावर, मांडीत पुस्तक. दोन दिवस रचनाचा श्वास ओढत ओढत यायचा, रिकामी होडी वाळूवरून ओढावी तसा. सदाला त्याची सवय झाली होती. हात चालू होते आणि काहीतरी ऐकायचं म्हणून तो ऐकायला लागला. एका बाईची गोष्ट होती. तिची खानावळ होती कुठल्याशा गावात, आणि दीर म्हणत होता, जागा माझी. उद्या शेवटची तारीख. कागद घेऊन तिला तालुक्याला पोचायचं होतं, कचेरी बंद व्हायच्या आत, आणि गाडी वाटेत बंद पडली होती. प्राप्ती चांगली वाचायची. घाईच्या जागी घाई करायची नाही. सदाला त्या बाईची पिशवी दिसायला लागली, पिशवीतले कागद दिसायला लागले. मग कधीतरी दोन श्वासांमधली जागा मोठी झाली. त्याच्या ते लक्षात आलं, हातांच्या आधी कानाला कळलं. एक श्वास आला. बराच वेळ गेला. आणखी एक आला, लहान, चूक झाल्यासारखा. त्यानंतर आला नाही. त्यानं वर पाहिलं. रचनाचे डोळे अर्धे उघडे होते, प्राप्तीच्या दिशेनं. पायाची बोटं त्याच्या हातात होती, तेलकट, आणि त्याला कळलं होतं. शंका नव्हती. लहानपणापासून बोटीवर, किनाऱ्यावर गेलेली माणसं पाहिली होती त्यानं. प्राप्तीचं डोकं खाली पुस्तकात होतं.

थांब, म्हणायचं होतं. आधी वाटलं, वाक्य पुरं होऊ दे. वाक्य पुरं झालं, दुसरं सुरू झालं. मग वाटलं, एवढा परिच्छेद. ही तेरा वर्षांची आहे, आणि वाचते आहे तोवर तिला आई आहे. हे कारण त्यानं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या तळाला दुसरं काहीतरी होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही पुरतं नाही. त्याला ती बाई वेळेवर पोचते का ते ऐकायचं होतं. बायकोचे गार होत चाललेले पाय हातात धरून तो गोष्ट ऐकत होता. जन्मात पहिल्यांदा गोष्ट ऐकत होता. बाई पोचली, शिपायानं अडवलं, साहेब उठले होते, ती बोलली, आणि सदा पुढे वाकून बसला होता. प्राप्ती पान उलटायची तेव्हा तो पान उलटायची वाट बघायचा. किती वेळ गेला ते त्याला माहीत नव्हतं. नंतर, सगळी माणसं गेल्यावर, त्यानं पुस्तक उघडून मोजलं होतं. नऊ पानं. मग केसर पेजेचं पातेलं घेऊन दारात आली, एकदाच खाटेकडे बघितलं, आणि पातेलं खाली ठेवून म्हणाली, “अरे, ही गेली हाय. तुमी दोघं हितं बसलेव आन् तुमाला कललं न्हाय?” प्राप्तीनं मान वर केली. बोट पानात तसंच. ती म्हणाली, “मी वाचत होते.” आणि सदा काहीच बोलला नाही. त्यालाही आत्ताच कळलं असं तोंड त्यानं केलं.

खरं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण दहा दिवस माणसं येत होती, आणि केसर प्रत्येकीला सांगत होती. मनात वाईट काही नव्हतं तिच्या. बोलून बोलून ती दुःख हलकं करायची. “पोर वाचीत बसलेली. आय गेली तरी तिला कललं न्हाय. पुस्तकात डोकां.” ऐकणाऱ्या बायका प्राप्तीकडे बघायच्या, च् च् करायच्या, एखादी तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. प्राप्ती भिंतीला टेकून बसलेली असायची. पाणी पाजलं असतं तर? डॉक्टरला फोन केला असता तर? हे तिनं कुणाला विचारलं नाही, पण ते तिच्या तोंडावर लिहिलेलं सदाला दिसत होतं, आणि ते वाचायला बोट ठेवावं लागत नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मला कळलं होतं, मी मुद्दाम थांबवलं नाही. मग लोकांनी विचारलं असतं, का? तेव्हा काय सांगायचं? तेराव्यानंतर त्यानं सगळी पुस्तकं पोत्यात भरली आणि माळ्यावर टाकली. प्राप्ती बघत होती. एकदा ती शाळेचा धडा मोठ्यानं वाचायला लागली तेव्हा तो म्हणाला, “मनात वाच.” आवाज चढवला नव्हता. पण त्या दिवसापासून घरात टीव्हीचा आवाज तेवढा राहिला. लोकांना वाटलं, पोरीला आईचा धक्का बसलाय. सदालाही तसं वाटून घेणं सोपं गेलं.

ऊन कललं तसा तो उठला. घरी आला तेव्हा प्राप्ती ओट्याशी उभी राहून मांदेली मासळी साफ करत होती. त्यानं शर्टातून वही काढून पाटावर ठेवली. तिनं वळून पाहिलं आणि तिचे हात थांबले. नळ चालू होता.

“सही चांगली केलीस,” सदा म्हणाला.

ती म्हणाली, “सगळेच करतात. वर्गातल्या विनेशच्या वहीत तर मीच करून देते.”

“वाचलंस का पन हे सगलं? का नुसतां लिवलंस?”

“वाचलं.” तिनं नळ बंद केला. “वाडीत, पंपाच्या खोलीत. तू यायच्या आधी. पंप चालू असतो, मोठ्यानं वाचलं तरी कुणाला ऐकू जात नाय.”

पंपाच्या खोलीत एक माणूस उभा राहील एवढीच जागा होती. तिथं ती रोज उभी राहून पंपाच्या आवाजात मोठ्यानं वाचते, कुणालाच ऐकू जाणार नाही असं, आणि मग घरी येऊन, कुणीतरी ऐकलं, असं लिहिते. सदाला बसावंसं वाटलं. तो पाटावर वहीशेजारी बसला.

“मॅडमनी बोलायला उभं केलं मला.”

“काय बोललास?”

“ती वाचते, मी ऐकतो, म्हनलो.”

“खोटं बोललास.”

“एकदा ऐकलंय,” सदा म्हणाला. “आय गेली त्या दिवशी.”

ती मांदेल्यांकडे बघत उभी होती. त्याला वाटलं आता थांबावं, एवढं पुष्कळ झालं. पण थांबलं की पुन्हा दोन वर्षं जाणार. तो म्हणाला, “केसर आली तवा मला कललेलं नवतं असं न्हाय. मला आदीच कललं व्हतं.”

“किती आधी?”

“नऊ पानं.”

ती हिशेब करत असल्यासारखी उभी राहिली. हातावरचं खवलं तिनं बोटानं सोडवलं. सदा बोलत गेला. तुला थांबवायला हवं व्हतं, तोंड उघडलं न्हाय, तू वाचत व्हतीस तवर— आणि मग तळाचं जे होतं तेही त्यानं सांगितलं, कारण ते न सांगता बाकीचं सांगणं म्हणजे पुन्हा खोटं तोंड करण्यासारखं झालं असतं. “मला त्या बाईचं काय व्हतं ते ऐकायचं व्हतं. म्हनून पन.”

प्राप्तीनं त्याच्याकडे बघितलं. तिचा चेहरा रचनासारखा नव्हता, कुणासारखाच नव्हता. “म्हणजे तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“व्हय.”

“आणि आत्या सगळ्यांना सांगत होती तेव्हा तू तिथंच बसला होतास.”

“व्हय.”

“मला वाटत होतं, मी बघितलं असतं तर,” ती म्हणाली आणि तिनं वाक्य तिथंच सोडलं. हात धुतले, पुसले, मागच्या दारानं वाडीत गेली. मांदेली तशीच राहिली. थोड्या वेळानं पंप सुरू झाल्याचा आवाज आला. सदा कान देऊन बसला. पंपाशिवाय काही ऐकू आलं नाही.

त्यानंतर आठ दिवस ती बोलली नाही. रागावल्याचं काही दाखवलं नाही. डबा भरून ठेवायची, कपडे वाळत घालायची, विचारलेल्याला हं किंवा नाय एवढं म्हणायची. सोमवारी वही शाळेत गेली, मंगळवारी परत आली, आणि खिडकीत उघडीच पडून राहायला लागली. सदा येताजाता बघायचा. सोमवार कोरा, मंगळवार कोरा. वहीतल्या बाबांचं येणं बंद झालं होतं. जेट्टीवर त्याचं लक्ष लागेना. बुधवारी दोर झेलताना उशीर झाला, लाँच आपटली, लाँच चालवणारा सारंग वरून शिव्या देत राहिला आणि सदा हातातल्या ओल्या दोराकडे बघत राहिला. सांगून आपण कुणाचं भलं केलं? तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, आणि तिला एकच बाप होता, तोही त्याच हातानं काढून घेतला. न सांगता निदान वहीतला एक तरी तिच्याजवळ होता.

शुक्रवारी तो केसरच्या घरी गेला. ती दारात सुकट निवडत बसली होती. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं की त्या दिवशी मला कळलं होतं, पोरीची त्यात काही चूक नव्हती, यापुढे कुणाजवळ बोलू नको. केसरचे हात थांबले. ती मान खाली घालून म्हणाली, “मंग मला तवाच का न्हाय सांगितलंस? मी सगल्या गावाला सांगत फिरलू.” ती रडेल असं त्याला वाटलं, पण ती पुन्हा सुकट निवडायला लागली. तो निघाला तेव्हा मागून म्हणाली, “ती येल का रे माज्याकडं? न्हाय आली तरी मी जाईन.” केसर शनिवारी आली, प्राप्तीजवळ तासभर बसली. काय बोलणं झालं ते दोघींनीही सांगितलं नाही. जाताना केसरचे डोळे सुजले होते. प्राप्तीचे नव्हते.

रविवारी सकाळी सदाची पाळी नव्हती. अंगणात तो मोटारसायकलची साखळी काढून रॉकेलमध्ये धूत बसला होता. मागे पावलं आली आणि थांबली. त्यानं वळून बघितलं नाही. बघितलं तर ती निघून जाईल असं वाटलं.

“आईनं कुठपर्यंत ऐकलं?” प्राप्तीनं विचारलं.

त्याला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला. हे जगात दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं. केसर नव्हती, डॉक्टर नव्हते, आणि वाचणाऱ्या प्राप्तीलाही ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं, कारण तो ऐकत होता. ज्या गोष्टीची दोन वर्षं लाज बाळगली, तीच एवढी एक गोष्ट त्याच्याजवळ द्यायला होती. साखळी त्यानं डब्यात सोडली.

“गाडी बंद पडली व्हती,” तो म्हणाला. “ड्रायव्हर म्हनाला, दुसरी गाडी तासानं येल. मंग ती बाई पिशवी घिऊन खाली उतरली आन् चालायला लागली. रस्त्यावर कुनी नवतं. तितपर्यंत.”

“चालायला लागली, तिथपर्यंत?”

“व्हय. ‘तिनं मागे वळून पाहिलं नाही,’ असं तू वाचलंस. ते तिनं ऐकलं. त्याच्या फुडचं न्हाय.”

प्राप्ती पायरीवर येऊन बसली. त्याच्या शेजारी नव्हे, थोडी वर. आंब्यावर कावळे भांडत होते. तिचे ओठ हलत होते. ती ते वाक्य मनात म्हणत असावी, किंवा त्याच्या पुढचं.

“म्हणजे ती पोचली ते आईला कळलं नाय.”

“न्हाय.”

“जागा तिला मिळाली ते पण.”

“न्हाय कललं.”

“बरं झालं,” प्राप्ती म्हणाली. आवाज घोगरा होता. “पुढं सगळं उगाच ओढलंय. साहेब लगेच ऐकतो काय, दीर माफी मागतो काय. आईला नसतं आवडलं. ती म्हणाली असती, असं कसं, परत बघ.”

सदानं चिंधीला हात पुसले. मान हलवून हो म्हणणं सोपं होतं. आठ दिवसांनी ती बोलत होती, तिच्या मनासारखं म्हणायला हवं होतं. पण तसं त्यानं दोन वर्षं केलं होतं.

“मला आवडलं ते,” तो म्हणाला.

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात माफी नव्हती. परीक्षेत विचारतात तसं तिनं विचारलं, “काय आवडलं?”

त्याला विचार करावा लागला. साहेब आणि दीर त्याला नीट आठवतही नव्हते. ती थांबली होती, घाई करत नव्हती.

“ती कचेरीत जायच्या आदी,” सदा म्हणाला, “भायेरच्या नलावर तिनं पाय धुतले. उशीर झाला व्हता तरी. यवढी धुलीतून चालत आली व्हती, तर आदी पाय धुतले, मंग आत गेली. ते.”

प्राप्ती त्याच्याकडे बघत राहिली. “हो,” ती म्हणाली, “ते होतं त्याच्यात. मी नुसतं वाचून टाकलं.”